स्वर्गात प्रतिफळ मिळणार म्हणून प्रामाणिक राहायचं, हा विश्वास की व्यवहार?

भोसरीचा_कारकून

सलाम मंडळी,

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलातल्या मत्तय २५ मधला रुपयांचा दाखला घेतला. धनी परदेशी निघतो, तीन दासांकडे पाच हजार, दोन हजार आणि एक हजार रुपये सोपवतो. दोघे दुप्पट करून दाखवतात, तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. पहिल्या दोघांना शाब्बासकी, तिसऱ्याची हकालपट्टी. उपदेशाचा रोख असा की रोजच्या बारीकसारीक विश्वासूपणाचीही वर नोंद होते आणि मुगूट तयार आहे. बाहेर पडताना सगळे खुशीत होते. मी नव्हतो.

मी एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघतो. मार्च आला की मालकांना 'नुसती बिलं' लागतात. माल येत नाही, बिल येतं, त्यावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं आणि बिलवाल्याचं कमिशन कापून पैसे रोखीत परत. त्या एन्ट्र्या मी करत नाही. मालक चिडत नाहीत, हसतात, आणि बाहेरच्या माणसाकडून करून घेतात. पगारवाढीच्या वेळी मात्र माझं नाव त्यांना आठवत नाही.

आता प्रश्न. तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने, कर्मांनी नव्हे, हे आपण संडे स्कूलपासून घोकलंय (इफिस २). मग हे मुगुटाचं प्रकरण कुठून आलं? आणि वर मिळणार म्हणून मी इथे नाही म्हणत असेन, तर माझ्यात आणि मालकांत फरक काय? त्यांचं क्रेडिट याच वर्षी जमा होतं, माझं जरा उशिरा.

गंभीरपणे विचारतोय. वचनं फेकून मारू नका, ती मलाही पाठ आहेत.

टकलू_हैवान

मुगूट देणार असतील तर माप आधी घ्यायला सांगा. केस गेल्यापासून माझ्या डोक्यावर हेल्मेटसुद्धा फिरतं.

नगरची_आत्या

कारकूनभाऊ, सलाम.

माझी आई श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यात राहिली. शाळा दुसरीपर्यंत. तिच्या चुलीशेजारी डालड्याचा एक जुना डबा असायचा. भाकरीसाठी बाजरी काढली की त्यातली एक मूठ आधी त्या डब्यात. जात्यावर बसायच्या आधी, रोज. घरात दोनच भाकरी होणार असल्या तरी मूठ चुकायची नाही. शनिवारी तो डबा पिशवीत रिकामा व्हायचा आणि रविवारी अर्पणाच्या वेळी पिशवी पुढे जायची. आम्ही पोरं कुरकुरायचो. एकदा थोरल्या भावाने विचारलंच, "आई, देवाला बाजरी कशाला लागते?" ती म्हणाली, "देवाला नाही लागत, पाळकाला लागते. त्यालाही पोरं आहेत."

तिला मुगूट वगैरे माहीत होतं, गाण्यांत येतं ना सगळं. पण ती मूठ काढताना स्वर्गाकडे बघत असेल असं मला कधी वाटलं नाही. ती बाजरीकडे बघत होती. तिची सवय झाली होती ती, हात आपोआप जायचा. तुम्हीही ती एन्ट्री करत नाही तेव्हा मुगूट आठवून थांबता का? खरं सांगा. की हातच जात नाही?

भोसरीचा_कारकून

आत्या, हात जात नाही हे खरं. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मुगूट आठवतो, हेही खरं.

सेमिनरी_अर्धवट

(आयडीवरून समजलंच असेल. पाळक व्हायला दोन वर्षं शिकलो, मग बँकेत लागलो.)

कारकून, तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ करताय. तारण आणि प्रतिफळ ही दोन वेगळी खाती आहेत. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (१ करिंथ ३) हेच सांगतो: पाया ख्रिस्त, तो एकच. त्यावर कोणी सोनं-रुपं घेऊन बांधतो, कोणी गवत-पेंढा घेऊन. शेवटी अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा घेतो. ज्याचं काम टिकलं त्याला मजुरी. ज्याचं जळालं त्याचं नुकसान, पण तो स्वतः वाचतो, आगीतून बाहेर पडलेल्या माणसासारखा. म्हणजे तारण जात नाही, बांधकाम जातं.

मुगुटांची यादी पाठ करून घेतात ती अशी: अक्षय मुगूट (१ करिंथ ९), आनंदाचा (१ थेस्सलनीका २), नीतिमत्त्वाचा (२ तीमथ्य ४), जीवनाचा (याकोब १ आणि प्रकटीकरण २), गौरवाचा (१ पेत्र ५). करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, विजेत्याला पानांचा मुगूट मिळायचा आणि तो काही दिवसांत सुकायचा. पौल तिथल्या लोकांना लिहितोय. ते त्या सुकणाऱ्या पानांसाठी एवढा घाम गाळतात, तर तुम्ही? असा त्याचा सूर आहे.

आणि येशूला प्रतिफळाची अजिबात लाज वाटत नाही, हे लक्षात घ्या. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना, उपास या तिन्हींच्या शेवटी तो म्हणतो की गुप्तपणे पाहणारा पिता तुला प्रतिफळ देईल. आपल्याला ते व्यापारी वाटतं, त्याला वाटलं नाही. म्हणून मला तुमची अडचण जरा जास्तच सोवळी वाटते.

पुणेरी_निरीश्वर

बाहेरचा माणूस म्हणून बोलतो. सगळ्याच धर्मांची हीच गंमत आहे, इकडे पुण्य साठवा तिकडे वटवा. त्यापेक्षा आमचं बरं. मी सिग्नल पाळतो कारण समोरून ट्रक येतो.

नगरची_आत्या

निरीश्वरभाऊ, पुण्यात कुणी सिग्नल पाळतं हे वाचूनच माझा चमत्कारांवरचा विश्वास वाढला.

टकलू_हैवान

आत्यांना आजचा मुगूट जाहीर!

वसईचा_केळीवाला

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न तुमच्याइतका टोचत नाही. आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये स्पष्टच म्हटलं की कृपेत राहून केलेल्या सत्कृत्यांना देव फळ देतो. पण त्याच्या आधी हजार वर्षं संत ऑगस्टीन सांगून गेला होता की देव आपल्या गुणांना मुगूट घालतो तेव्हा खरं तर स्वतःच्याच देणग्यांना घालतो. म्हणजे कारकूनदादा, तुम्ही नाही म्हणालात ती ताकदही त्याचीच. मिरवायला जागा नाही, आणि सौद्यालाही नाही.

फ्रान्समधल्या लिज्यूच्या संत तेरेजाची गोष्ट आमच्या आजीची आवडती. (१८७३ ते १८९७, चोवीस वर्षं जगली. कॉन्व्हेंटच्या बाहेर काही मोठं केलं नाही. धुणं, झाडलोट, खोकला.) लहानपणी तिलाही प्रश्न पडला की स्वर्गात सगळ्यांना सारखंच वैभव का नाही, आणि ज्यांना कमी मिळेल ते खट्टू होणार नाहीत का? तेव्हा थोरल्या बहिणीने वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचं शिवणाचं अंगुस्तान शेजारी ठेवून दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले आणि विचारलं, यातलं जास्त भरलेलं कुठलं? पुढे १८९५ मध्ये तेरेजाने आपल्या समर्पणाच्या प्रार्थनेत लिहिलं की आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यासमोर रिकाम्या हातांनी येईन, माझी कामं मोजू नकोस. एवढं बारीक बारीक विश्वासूपण जगून शेवटी रिकामे हात.

आजी पहाटेच्या गाडीने दादरला चाफा न्यायची. पुडीत फुलं मोजून घालायची, आणि वर एक. ते वरचं एक कुठल्या खात्यात, हे तिने कधी सांगितलं नाही.

सेमिनरी_अर्धवट

@केळीवाला, ऑगस्टीन आमचाही आहे हो, एकटेच घेऊन जाऊ नका! पण ट्रेंटने त्याच दमात आम्हा प्रोटेस्टंटांना शापितही ठरवलं होतं, ते तुम्ही हळूच गाळलंत.

वसईचा_केळीवाला

गाळलं नाही, १९९९ चं राखून ठेवलं होतं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नीतिमान ठरणं कृपेनेच, आपल्या कुठल्याही गुणामुळे नाही, आणि सत्कृत्यं ही त्याची फळं. जुने शाप आजच्या या शिकवणीला लागू नाहीत, असंही त्यात आहे. तारीख मुद्दाम तीच, ज्या दिवशी ल्यूथरने प्रोटेस्टंट सुधारणेला तोंड फोडलं. २००६ मध्ये मेथडिस्टही सामील झाले. त्यामुळे आता भांडायला शोधनस्थान (मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ती जागा) तेवढं उरलंय.

सेमिनरी_अर्धवट

त्यावर वेगळा धागा काढा, येतोच.

मिरजेची_सिस्टर

नाईट ड्यूटीवरून लिहितेय, कुवेतमधून, चुका पोटात घाला.

माझं शिक्षण मिरजेला झालं. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये उघडलेलं हॉस्पिटल, तिथे आम्हाला आधी बेडपॅन धुवायला शिकवत, मग इंजेक्शन. आमच्या जुन्या ट्यूटर सिस्टर म्हणायच्या, पेशंट बेशुद्ध असताना तू त्याची कूस बदलतेस की नाही, तिथे तुझी खरी परीक्षा. शुद्धीत असलेला तक्रार करतो, नातेवाईक बघतात. बेशुद्धाचं कुणी बघत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखम होते, आणि चार्टवर 'बदलली' असं लिहिणं अगदी सोपं असतं. रात्री तीन वाजता पाय मोडून येतात तेव्हा कोणालाही मुगूट दिसत नाही हो, खुर्ची दिसते.

मला मत्तय २५ चा पुढचा भाग जास्त आवडतो, मेंढरं आणि शेरडं. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत, आजारी होतो, तुम्ही समाचाराला आलात. ते काय म्हणतात? "प्रभू, कधी?" त्यांना आठवतच नाही! ज्यांना राज्य मिळतं त्यांच्याकडे वहीच नाही. कारकूनदादा, तुमचा मुगूट राहील की जाईल सांगता येत नाही, पण तुम्ही वही फार व्यवस्थित ठेवलीय. धंद्याचा दोष असेल.

भोसरीचा_कारकून

सिस्टर, लागलं. पण बरोबर लागलं.

टकलू_हैवान

सिस्टर, एक अवांतर. कुवेतला चर्च शुक्रवारी असतं म्हणतात, ते खरं का?

मिरजेची_सिस्टर

हो, सुट्टी शुक्रवारची, म्हणून मुख्य उपासना शुक्रवारी. एकाच आवारात मलयाळी, तमिळ, फिलिपिनो, अरबी, सगळ्यांच्या वेळा लागलेल्या. एक संपते न संपते तोच दुसऱ्यांच्या चपला दारात. आमचे मराठी लोक मोजकेच, पण हंगामाचा सण करतो. भोपळा इथे लुलूमधून आणतो आणि त्याचा लिलाव करतो.

नगरची_आत्या

अगं बाई, लिलाव! आमच्याकडे मागच्या वर्षी एक गावठी कोंबडी तीनदा विकली गेली. पहिल्याने घेतली आणि परत अर्पण केली, दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्या खेपेला ती पाळकांच्या मांडीवरून उडाली ती थेट ऑर्गनवर. शेवटी ज्याने घेतली त्याने तिला कापली नाही. म्हणाला, हिने चर्चला माझ्यापेक्षा जास्त दिलंय.

शनिवारतेली

मंडळी, शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता इस्राएलात अश्दोदला असतो. धागा ख्रिस्ती आहे, पण राहवलं नाही.

आमच्या 'पूर्वजांची वचनं' या जुन्या ज्यू ग्रंथात सोखोच्या अँटिगोनसचं एक वचन आहे. येशूच्याही आधीचा हा माणूस. तो म्हणतो, वेतनासाठी धन्याची चाकरी करणाऱ्या दासांसारखे होऊ नका, वेतनाची अपेक्षा न ठेवता चाकरी करणाऱ्यांसारखे व्हा. आणि परंपरा अशी सांगते की त्याच्याच दोघा शिष्यांच्या परंपरेत पुढे याचा अर्थ 'वेतन नाहीच, परलोक नाहीच' असा लावला गेला आणि त्यातून फाटाफूट झाली. तेव्हा कारकूनसाहेब, हा प्रश्न तुमच्या आधी दोन हजार वर्षं लोकांना छळतोय. प्रतिफळाची आशा सांगितली तर माणूस व्यापारी होतो, नाही सांगितली तर म्हणतो मग कशाला.

सेमिनरी_अर्धवट

@शनिवारतेली, सुंदर. लूक १७ मध्ये येशू जवळपास तेच म्हणतो: सगळं करून झाल्यावर म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, जे करायला हवं होतं तेच केलं. मत्तय ६ आणि लूक १७ एकाच तोंडातून आलेत, ही खरी अडचण आहे.

शंभरपट_आशीर्वाद

तुम्ही सगळे प्रतिफळाला परलोकात ढकलता कारण तुमचा विश्वास छोटा आहे. मार्क १० वाचा, आताच्या काळी शंभरपट. मी दशमांश (कमाईचा दहावा भाग चर्चला) सुरू केला आणि वर्षात स्वतःची गाडी आली. कारकूनभाऊंनी पगारवाढ विश्वासाने मागावी, बी पेरावं, पीक येईलच. देव दरिद्री नाही.

कोल्हापूरची_सून

त्याच ओळीत "छळणुकीसह" असंही आहे, गाडीच्या कर्जाच्या हप्त्याखाली दिसलं नसेल.

आमच्या गल्लीत अशाच एका सभेत एका बाईने मंगळसूत्र काढून दिलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून. नाव कुणाचं घेत नाही. नवरा वाचला नाही. तिला सांगण्यात आलं, तुझा विश्वास कमी पडला. मला त्या माणसाचं प्रतिफळ काय असेल ते बघायचंय.

शंभरपट_आशीर्वाद

अपवादावरून नियम ठरत नाही, ताई.

कोल्हापूरची_सून

ती अपवाद नव्हती, ती आमच्या शेजारची होती.

आणि मूळ विषयावर माझंही एक म्हणणं आहे. रेव्हरंड टिळकांचा त्याग सगळे सांगतात, रास्तच आहे. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेला माणूस, पैसा हातात ठरायचाच नाही, दिसेल त्याला देऊन मोकळे. पण घरात उद्याचं काय हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बघायच्या. पाहुणे टिळक आणायचे, पीठ लक्ष्मीबाई शोधायच्या. टिळक गेल्यावर अर्धवट राहिलेलं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्यही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. रोजच्या आयुष्यातला विश्वासूपणा म्हणाल तर मला तो त्या पिठात जास्त दिसतो. आपल्या उपदेशांत मुगूट मात्र कायम पगार सोडणाऱ्याला. आत्यांच्या आईचा डबा कोणत्या पाळकाने व्यासपीठावरून सांगितलाय?

नगरची_आत्या

नाही सांगितला. आईच्या अंत्यविधीला पाळक म्हणाले, भगिनी प्रार्थनाशील होत्या. झालं.

वसईचा_केळीवाला

@सून, याच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे संत म्हणूनही बहुतेक वेळा फादर आणि सिस्टरच. संसारी माणसं थोडी.

सीए_साहेब

मी फक्त व्यवहाराचं बोलतो. कारकून, मालाशिवाय बिल काढणं आणि त्यावर क्रेडिट घेणं, दोन्ही सीजीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हे आहेत, रक्कम मोठी असेल तर तुरुंग. तुम्ही एन्ट्री केली नाही हे उत्तम. पण रिटर्न तुमच्या लॉगिनमधून भरलं जातं का? ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? तुमच्या असेल तर आजच बदलून घ्या, आणि नकार एकदा ई-मेलवर लेखी असू द्या. स्वर्गातली नोंद चौकशीत दाखवता येत नाही.

पुणेरी_निरीश्वर

धाग्यातला पहिला उपयोगी प्रतिसाद.

भोसरीचा_कारकून

सीए साहेब, ओटीपी माझ्याच मोबाईलवर येत होता. काल तुमचं वाचलं आणि आज मालकांना बदलून द्यायला सांगितलं. पहिल्यांदाच चिडले. "इतकी वर्षं हसलो ते तुला कमी पडलं का" म्हणाले. एप्रिलनंतर नोकरी राहील असं वाटत नाही. एमआयडीसीत कुणाकडे अकाउंट्सची जागा असेल तर संपर्कातून कळवा.

धाग्यावर सगळं वाचलं. सिस्टरांचं "कधी?" डोक्यात बसलंय. पण एक गोष्ट अजून पटलेली नाही. मुळात न मोजणाऱ्यालाच मिळणार असेल, तर पाळकांनी ते व्यासपीठावरून सांगावं कशाला? सांगितल्यावर मोजणं आलंच.

सेमिनरी_अर्धवट

आधी नोकरीचं: आमच्या शाखेच्या दोन-तीन ग्राहकांना विचारतो. व्यक्तिगत निरोपात बायोडेटा टाका.

आता उत्तर. दाखला परत वाचा, बक्षीस काय मिळतं ते बघा. धनी त्यांना सुट्टी देत नाही, जमीन देत नाही. म्हणतो, थोडक्यावर विश्वासू राहिलास, पुष्कळांवर नेमतो. आणि आपल्या आनंदात सहभागी करून घेतो. पाच हजारवाल्याला आणि दोन हजारवाल्याला उत्तर अक्षरशः एकच आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लूक १९ मध्ये मोहरांच्या दाखल्यात मात्र एकाला दहा नगरं, दुसऱ्याला पाच. पण तिथेही नगरंच आहेत, म्हणजे कारभार. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम आणि मालकाची संगत. ज्याला मालकच आवडत नाही त्याला हे बक्षीस वाटणारच नाही, शिक्षा वाटेल. तिसऱ्या दासाचं दुखणं तेच होतं, तो म्हणालाच ना, तू कठोर आहेस हे मला ठाऊक होतं. म्हणून हे आमिष म्हणून चालत नाही. ऐकवलं तरी लोभी माणसाचं तोंड वाकडंच होतं.

टकलू_हैवान

म्हणजे वरही प्रमोशन, पगारवाढ नाही. हे आमच्या कंपनीसारखंच झालं.

नगरची_आत्या

आणि मुगुटांचं म्हणाल तर प्रकटीकरण ४ मध्ये चोवीस वडील आपापले मुगूट काढून राजासनापुढे टाकतात. इतकं करून मिळवायचे आणि टाकायचे. टकलूभाऊ, मापाची काळजी सोडा.

कोल्हापूरची_सून

@सेमिनरी, उत्तर आवडलं, पण तिसऱ्या दासाबद्दल मला अजून वाईट वाटतं. एकच मिळालं होतं बिचाऱ्याला. घाबरला. त्याने चोरी तर केली नाही.

सेमिनरी_अर्धवट

त्यावर आमच्या वर्गात एक अख्खा तास भांडण झालं होतं. सर शेवटी म्हणाले, सावकाराकडे ठेवायला काय झालं होतं. बँकेत लागल्यापासून मला ते फार पटतं.

मिरजेची_सिस्टर

ड्यूटी संपली. कारकूनदादा, आमच्या इथल्या चर्चमधले एक गृहस्थ चाकणला कारखाना चालवणाऱ्यांचे मेहुणे आहेत. शुक्रवारी भेटले की विचारते. तुमचा अनुभव किती वर्षांचा, तेवढं कळवून ठेवा.